साडेबासष्ट किलो

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. शाळेच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले आणि कुकर लावायला उठले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर चिडचिड झाली, की हा माणूस माझ्या तावडीतून सुटला.

मी तुम्हाला आठवत नसणारच. आठवी, मुलुंडची आपली शाळा, पीटीचा तास. प्रगतिपुस्तकात उंची-वजन भरायचं असायचं, म्हणून दरवर्षी तुम्ही काटा वर्गात आणायचात आणि मॉनिटरला लिहून घेता यावं म्हणून आकडा मोठ्याने पुकारायचात. माझा नंबर येतो. मी चपला काढून चढते, श्वास रोखून धरते, त्याने काही कमी होणार असल्यासारखी. "अठ्ठावन्न!" तुम्ही ओरडता. मग मला उतरवता आणि "काटा बिघडला वाटतं" म्हणत, बूट काढून, स्वतः वर चढता. बासष्ट. "नाही, काटा बरोबर आहे," तुम्ही वर्गाकडे वळून म्हणता. "चारच किलो कमी आहे माझ्यापेक्षा. पुढच्या वर्षी पीटी हीच घेईल." वर्ग खो खो हसला. मीही हसले, सर, आणि ते हसणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. त्याच वर्षी तुम्ही मला लेझीममधून काढलंत. "रांग बिघडते," म्हणालात, आणि बाकीच्या मुलींच्या चपला सांभाळायला बसवलंत. मला सगळे प्रकार पाठ होते. त्या ढिगाशेजारी बसून मी मांडीवर ताल धरत होते आणि तुमचं काय काय वाईट व्हावं याचा विचार करत होते.

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी मला जिमला धाडलं. पहिल्या मजल्यावर जिम, खाली फरसाणचं दुकान. पर्सनल ट्रेनर लावला. भांडुपच्या कोळीवाड्यातला, तिशी उलटलेला, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ताई, टार्गेट काय?" बाकीच्या बायका किती किलो उतरवायचे ते सांगतात. मी म्हटलं, "बासष्ट किलो जमिनीवरून उचलायचेत."

"बासष्ट? साठ ठेवू ना, राउंड फिगर."

"बासष्टच."

त्याने माझ्याकडे जरा नीट बघितलं. "कोण आहे तो? नवरा?"

"पीटीचे सर. शाळेतले."

"मग उचलू या ना त्याला," तो म्हणाला, आणि त्यानंतर आठ महिने त्याने मला सोडलं नाही. "लास्ट दोन" म्हणायचा आणि सहा काढून घ्यायचा. मी त्याला शिव्या घातल्या, घरी येऊन जिन्याचा कठडा धरून वर चढले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एवढ्या नेटाने मी आयुष्यात कशाच्या मागे लागले नव्हते.

शेवटी तो दिवस आला. प्लेटा लावल्यावर बरोबर बासष्ट काही जुळेना, साडेबासष्ट झालं. वरचा अर्धा किलो मी तुमच्या बुटांचा धरला. "पाठ सरळ, ताई! टाचेवर जोर!" तुम्ही जमिनीवरून सुटलात, गुडघ्यांच्या वर आलात, आणि मी ताठ उभी राहिले. समोर आरसा होता. मी मनसोक्त बघून घेतलं आणि हात सोडून दिले. वजन आपटू नये अशी पाटी आहे तिथे. मालक ओरडला, फरसाणवाला वर आला. दोघांना सॉरी म्हटलं आणि पुन्हा उचललं. तीनदा आपटलं तुम्हाला, सर. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"झकास, ताई!" ट्रेनर म्हणाला. "आता वजन करून घेऊ. जॉइन करताना तुम्ही फॉर्मवर लिहिलंय त्याच्यात किती फरक पडला बघू." काटा दाराशी आहे. तिथे दोन मुली पाणी पीत उभ्या होत्या. मी म्हटलं, आज नको, सोमवारी. त्यानंतर तीन सोमवार गेले. दर सोमवारी मी बुटाची नाडी बांधत बसते आणि तो विषय टळेपर्यंत वर बघत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा तुम्हालाच सांगते. फॉर्मवर मी आठ किलो कमी लिहिलेत.