चार हजार वेढे

आई, तुझं मोटारीची तार गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन मी पुन्हा काढलंय. पांढरकवड्याच्या घरात, मागच्या खोलीत, त्याच टेबलावर. हँडल आखडलं होतं, तेल सोडलं. वेढे मोजणारं चाक अजून बरोबर फिरतं. तू जाऊन चौदा वर्षं झाली, आणि त्यातली मागची आठ मी या घरात टिकलेच नाही. नागपूर, रायपूर, मध्येच मुकुटबनला एका मंडपवाल्याकडे साउंडवर होते. तिथं नवरदेवाचा घोडा स्पीकरला भिऊन जेवणाच्या पंगतीत घुसला होता, पण ते राहू दे, मी भलतीकडेच जाते.

झालं असं की बोरी अरबच्या मावशीनं मला एक जुनी रेकॉर्ड दिली. लग्नाआधी तुम्ही दोघी बहिणी विहारातल्या गाण्याच्या पार्टीत होता हे माहीत होतं. त्या पार्टीची रेकॉर्ड निघाली होती हे नव्हतं. गाणारा पुरुष आहे, मागे कोरसला चार बाया. "त्यात तुही माय हाये," मावशी म्हणाली, "अन् मी बी हावो. पण मले नोको ऐकू, मी बेसूर होती." तुझा आवाज दुसरीकडे कुठंच उरलेला नाही, ना मोबाइलमध्ये, ना कॅसेटवर. मला तो एकदा ऐकायचा होता, म्हणून हा सगळा खटाटोप.

नागपूरच्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी प्लेअर दुरुस्ती शिकले, त्यांनी निघताना मला एक प्लेअर दिला होता. त्याची सुई मूव्हिंग कॉइलची. म्हणजे सुईबरोबर केसासारख्या तारेची इवलीशी गुंडाळी हलते, आणि तिच्यात वीज उठते ती इतकी थोडी की अँप्लिफायरला पत्ताच लागत नाही. ती वाढवायला मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. तुझीच पोरगी, तो मीच गुंडाळायला बसले. सुईकडच्या बाजूला शंभर वेढे, अँपकडच्या बाजूला चार हजार. चाळीस पट. जितकं जास्त तितकं बरं, एवढंच डोक्यात.

आवाज मोठा आला, पण गोधडीतून आल्यासारखा. चार बायांचा मिळून एकच गोळा. त्या गोळ्यात मी तुला लगेच ओळखलं, आई. तीन दिवस तेच लावून बसले होते, स्वयंपाकही केला नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते आधी हसले. "चाळीस पट? अवं बेटा, सुईची मुंडी धरून पाण्यात दाबली तू. चाळीस पट वाढवलं की अँपचे सत्तेचाळीस हजार ओहम तिले चाळीस गुणिले चाळीस, म्हंजे सोळाशेव्या हिश्श्याएवढे दिसतेत. तीसबी नाही. तिची सोताची तारच चाळीस ओहमची हाय, दम कशी घेईन ते? दहा पट कर, मंग पाय."

तीन हजार वेढे उलटे काढत बसले तेव्हा तू आठवलीस. बाबा पंपाच्या जळालेल्या मोटारी खोलायचे. जुन्या गुंडाळ्यांचे वेढे मोजून तेवढेच नवे घालायचे हे तुझं काम. मी अकरा वर्षांची आहे. तू एक जळकी गुंडाळी मला मोजायला देतेस. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्यात, मी त्याच पाहत बसते आणि शेवटी ठोकून देते, बासष्ट. तू गुंडाळी घेतेस, ओठ हलवत मोजतेस. अठ्ठावन्न निघतात. "मोटारीले तुह्या मनातला आकडा चालते काय वं?" एवढंच म्हणतेस. मारलं नाहीस. लगेच पुढची गुंडाळी घेतलीस, ओठ पुन्हा हलायला लागले. तू मोजत असलीस की घरात कोणी बोलायचं नाही, आणि तू सदा मोजतच असायचीस.

काल दहा पटीचा बसवला. आवाज थोडा लहान झाला, पण मोकळा. झांजेची किणकिण, गाणाऱ्याचा श्वास, आणि मागे चार बाया, चौघी वेगवेगळ्या. एक पातळ, एक जराशी घोगरी, एक ओळीच्या शेवटी क्षणभर रेंगाळणारी, एक सगळ्यांच्या खाली दबून गाणारी. बेसूर तर कोणीच नाही. मी वीसेक वेळा लावलं. त्या चौघींतली तू कोणती, मला कळलं नाही.

मावशी एका झटक्यात सांगेल. सकाळपासून फोन हातात घेते आणि ठेवते. तिनं एक आवाज दाखवला आणि तो मला परका वाटला तर काय करू? तू बोललेलं पुष्कळ मला पाठ आहे, आई, अक्षरन् अक्षर. ते कोणत्या आवाजात होतं, ते आठवत नाही. हा कागद कुठं जायचा नाही म्हणून लिहिलं. मावशीला अजून सांगितलेलं नाही.