वाफेत दिसणारा सांधा

स्टॅनर कोर्ट, लडलोजवळ
सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६

कॉफीचं भांडं १७४३ सालचंच. दुपारी टेलिफोनवर क्रॅडॉकसाहेबांनी शिक्कामोर्तब केलं. भांड्याच्या बुडावरचे ठसे मी त्यांना एकेक करून वाचून दाखवले. चालता सिंह, म्हणजे चांदी अस्सल. मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडन. आणि एच हे अक्षर, म्हणजे साल. साहेब म्हणाले, शाब्बास मिस हॅडो, लिलावाच्या यादीचं मुखपृष्ठ मिळालं की आपल्याला! मी लंडन सोडून साहेबांच्या लिलावाच्या पेढीत आले त्याला जेमतेम महिना झालाय, आणि एकटीवर सोपवलेलं हे पहिलंच घर.

घर थंडगार आहे, माणसं मात्र तशी नाहीत. घराच्या मालकीण व्हेनेबल्सबाईंना नवऱ्यामागे राहिलेली चांदी विकून छप्पर दुरुस्त करायचंय. घर सांभाळणाऱ्या प्यूबाईंनी दारातच माझी बॅग हातातून ओढून घेतली. म्हणाल्या, एवढीशी पोर पाठवली होय, मला वाटलं चष्मेवाला म्हातारा येणार. जेवताना मी चमचा उलटा करून बघत होते, तर मटणाचा स्ट्यू वाढता वाढता म्हणाल्या, अगं पोरी, चमच्याचा जन्मदाखला नंतर वाच, आधी त्यानं जेव तरी.

एक गोष्ट राहून गेली. ठशांवर तोंडाची वाफ सोडून बघायची असते. लबाड कारागीर एखाद्या लहानशा जुन्या वस्तूवरचे खरे ठसे कापून घेतात आणि नव्या, मोठ्या भांड्यात झाळून बसवतात. एरवी तो सांधा दिसत नाही, वाफेत उमटतो. पण व्हेनेबल्सबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या भांड्यावर त्यांच्यादेखत तोंड उघडून हाः करायचं, हे मला कसंसंच वाटलं. उद्या करीन.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

केलं. सांधा आहे.

ठशांभोवती गोल रेघ, शिलिंगच्या नाण्याएवढी. कुठल्यातरी छोट्या तबकातून कापलेली चकती. भांडं फार तर माझ्या आजीच्या वयाचं असेल. कानशिलं तापली. कोणीही नवशिका आधी वाफ सोडतो, मग तोंड उघडतो. मी उलटं केलं.

साहेबांना लगेच कळवायला हवं होतं. टेलिफोनपर्यंत गेले आणि परत आले. मुखपृष्ठाचं त्यांनी एव्हाना सगळ्यांना सांगितलं असेल. प्यूबाईंनी माझा चेहरा बघून न मागता चहा आणून दिला, वर म्हणाल्या, चांदी बघून माणूस पांढरं पडतं हे आजच कळलं.

आणखी एक. वाफ क्षणात उडून जायला हवी. भांड्यावरची उडाली नाही. मी पुसली. पुन्हा आली.

बुधवार, १४ नोव्हेंबर

साहेब न कळवता आले. भांडं हातात घेतलं आणि पहिलं काम केलं ते वाफ सोडण्याचं. रेघ बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, सोमवारी मी स्वतः वाफ सोडून पाहिली होती. सांधा नव्हता. हे ते भांडं नव्हे, कोणीतरी बदललंय.

हे वाक्य कुठून आलं, मला माहीत नाही. खोटं आहे, माझंच आहे, एवढं माहीत आहे.

व्हेनेबल्सबाई लगेच म्हणाल्या की चांदीच्या खोलीची किल्ली एकट्या प्यूकडे असते. प्यूबाईंना आधी हसूच आलं. म्हणाल्या, मॅडम, आयुष्यभर त्या भांड्याला मी अंघोळ घालतेय, बदलून ठेवू कुठं, माझ्या खोलीत बशी ठेवायला जागा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मिस, तुम्ही सांगा ना यांना.

मी हातमोजे नीट करत राहिले.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

शुक्रवारी सकाळी हवालदार येणार. प्यूबाईंना तबेल्यावरची खोली सोडायला सांगितलंय. दुसरं घर त्यांना नाही.

आज चांदीच्या खोलीत गेले, तर प्रत्येक वस्तूवर वाफ धरलेली. चमचे, मीठदाण्या, मेणबत्त्यांची शमादानं — जी निःसंशय अस्सल आहेत ती सुद्धा. प्रत्येक ठशाभोवती तीच गोल रेघ. हात लावला. वाफ कोमट होती, नुकतीच कोणाच्या तोंडातून आल्यासारखी.

धावत व्हेनेबल्सबाईंकडे गेले. सांगणार होते, चूक माझी, भांडं पहिल्यापासून असंच आहे. तोंड उघडलं. बाहेर आलं ते — सोमवारी पाहिलेलं भांडं खरं होतं, ते बदललंय. खणखणीत आवाजात. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

बाईंनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, कालच सांगितलंत की, किती मनाला लावून घेता.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

सकाळ. तोंड धुवायला गरम पाणी घेतलं. वाफ वर आली, आरशात — गळ्यावर, बरोबर मधोमध — गोल रेघ. वाफ विरली की कातडी साफ. रेघेच्या आतला भाग बोटाला गार लागतो. धातूसारखा.

प्यूबाई हॅट घालून खाली दिवाणखान्यात बसल्यात, शेजारी सामानाची पेटी. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, पोरी, तू तरी खरं सांगशील ना? मी तोंड उघडलं —

तेच.

त्या रागावल्या नाहीत. मला वाट द्यायला बाजूला झाल्या. रागावल्या असत्या तर बरं होतं.

आवाज माझा राहिला नाही. हात अजून माझा आहे. म्हणून इथे लिहिते आणि हे पान फाडून हवालदारांच्या हातात देते. बाहेर खडीवर मोटार वाजली. लवकर —

मी, मुरिएल हॅडो, लिहून देते की भांडं पहिल्यापासून खोटं होतं. सोमवारी मी वाफ सोडून — सोमवारी मी वाफ सोडून पाहिली, सांधा नव्हता.

नाही. हे नाही. पुन्हा.

प्यूबाईंचा काही दोष — किल्ली प्यूबाईंकडेच असते.

हात थांबत नाही. अक्षर माझंच आहे, सुंदर, वळणदार — खालून हाक मारताहेत. पहिली साक्ष माझी घेणार. प्यूबाई माझ्या तोंडाकडे बघत असतील आणि मी ते भांडं खरं होतं ते बदललंय ते