तुळसाच्या पुढे कोणाचं नाव

बाई, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला सांगावंसं वाटलं असं फार काही घडलं नाही. बाळंतिणींचा वॉर्ड चालू आहे. खाटा बारा होत्या, आता सोळा आहेत. माझ्या हाताखाली दोन मुली शिकतात आणि रोज सकाळी मी त्यांची नखं तपासते, तुम्ही माझी तपासायचात तशीच, प्रकाशाकडे हात धरून. आज मात्र एका कागदावर एक नाव लिहून आले आहे, आणि त्याचा हिशेब मला फक्त तुम्हाला द्यावासा वाटतो.

माझा पहिला महिना तुम्हाला आठवत असेल. माढ्याकडची एक बाई एकटीच आली होती, पहाटे मुलगी झाली. दुपारी मी जन्माचं बुक घेऊन तिच्या खाटेशी उभी राहिले. बाळाच्या बापाचं नाव विचारलं. पुन्हा विचारलं, तिनं तोंड भिंतीकडे केलं. गळ्यात काही दिसलं नाही, सोबत कोणी नव्हतं. मी रकान्यात 'अज्ञात' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. नवऱ्याचं नाव बायका तोंडानं घेत नाहीत हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पुण्याहून शिकून आले होते, प्रश्न विचारला की उत्तर यायला हवं असं मला वाटत असे.

संध्याकाळी तुम्ही बुक वाचलंत. मला काही न बोलता त्या बाईच्या खाटेवर जाऊन बसलात.

"काय गं, धनी कुठं आहेत तुझे?"

"रानात हायेत की. शाळू काढायला आलाय."

"मग नाव सांग त्यांचं."

"आवो बाई, नाव कसं घिऊ? लाज वाटती."

"लाजायला आता काय उरलंय? पोरगी झाली की! उखाण्यात घे."

शेजारच्या खाटेवरची तेलुगू विणकरीण पोट धरून हसायला लागली, टाके दुखत असतानासुद्धा. सगळा वॉर्ड माढ्याच्या बाईच्या मागं लागला. अखेर पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "शाळवाच्या रानात पाखरांचा थवा, दगडूरावांचं नाव घेती, पाळण्याला दोर नवा."

मी खाली बघत होते. व्हरांड्यात तुम्ही माझ्या हातात बुक दिलंत. "नाव तुला माहीत नव्हतं. तुझं माहीत नसणं त्या पोरीच्या रकान्यात कशाला लिहिलंस?" एवढंच म्हणालात. मी खोडायला रबर शोधू लागले, तर तुम्ही हात धरलात. खरवडायचं नाही, गिरवून काळं करायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही करायची. चूक झाली होती हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. त्या दिवसापासून मी तशीच रेघ मारते. वॉर्डातल्या प्रत्येक रेघेवर माझी सही आहे.

लोक तुमच्याकडे नाव मागायला यायचे तेही आठवतं. बापाचं नाव सांगायचे आणि त्याला शोभेल असं मुलीचं नाव द्या म्हणायचे. तुम्ही व्हरांड्याच्या कठड्याशी उभ्या राहून विहिरीच्या दिशेनं दोन्ही नावांची मिळून हाक मारायचात, तीनदा. विहिरीवरच्या बायका दचकून वर बघायच्या. "पाळण्यात सगळीच नावं गोड लागतात, हाक मारून बघावं," असं म्हणायचात. बापाचं नाव लांबलचक असलं तर मुलीचं दोन अक्षरी. मला तेव्हा ते पोरकट वाटलं होतं. इतकी काटेकोर बाई आणि हे काय करते!

आता माझं. तीन महिन्यांपूर्वी गिरणीत सूत गुंडाळणारी एक बाई आली. रखमा तिचं नाव, अक्कलकोटच्या बाजूची. मुलगी झाली, ती चांगली होती. आईला दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि तो उतरला नाही. मी तुमच्यासारखी खाटेवर बसले. उखाणा घे म्हटलं.

"न्हाय बाई. ठावं हाय मला नाव, पर घ्यायची न्हाय. त्येचं नाव लेकीला नगं."

"मग तिच्या पुढे काय लावू?"

"तुमी बघा की. तुळसा म्हून मी ठिवलंय, तेवढं ऱ्हाऊ द्या."

तिसऱ्या दिवशी ती गेली. न्यायला कोणी आलं नाही. मुलगी मी ठेवून घेतली. आडनाव माझं लागेल हे ठरलं होतं. मधला रकाना मी रिकामा ठेवला. 'अज्ञात' लिहिलं नाही.

आज तिच्या देवी टोचल्याच्या दाखल्यासाठी पूर्ण नाव द्यायचं होतं. आठवडाभर प्रत्येकजण मला नाव सुचवत होता. आया म्हणाली, "तुमच्या वडलांचंच लावा की. आजाचं नाव लई शोभतंय." वडिलांना विचारल्याशिवाय लावणार नाही आणि आमचं बोलणं नाही. कोणी म्हणालं, एखाद्या देवाचं घाला, देव हरकत घेत नाही. मग काल दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर मी कठड्याशी उभी राहिले आणि हाका मारून पाहिल्या. पहिली हाक तुळसा आणि तुमच्या नावाची होती. तुमचं नाव मी कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. सहीत वाचलं होतं तेवढंच. सहीतही मधलं नाव नसायचं, आणि मी कधी कारण विचारलं नाही. हाक चांगली लागली. आज सकाळी कचेरीत तेच नाव मी कागदावर शाईनं लिहिलं.

लिहून झाल्यावर मात्र तुमचाच प्रश्न आठवला. हे त्या पोरीच्या रकान्यात कशाला लिहिलंस? मला हवं होतं म्हणून. तिचं आणि तुमचं काही नातं नव्हतं. जिचं होतं तिचं नाव मला पक्कं माहीत होतं. मी रेघ मारली, सही केली आणि लिहिलं, तुळसा रखमा.

कारकुनानं चष्मा पुसला. "हे बाईचं नाव आहे."

"हो. आईचं."

"बापाचं लिहितात, बाई."

"कागदावर 'पूर्ण नाव' एवढंच छापलंय."

"पुढं लग्नाला अडचण येईल."

"लग्नात ते तसंही बदलतं."

तो हसला नाही, पण शिक्का मारायला घेतला. मग थांबून म्हणाला, "ही खाडाखोड बरी दिसत नाही. नवा कागद देतो, पुन्हा लिहा."

मी म्हटलं, नको, हाच राहू द्या, सही केली आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून इथंच ठेवते. तुमच्यापाशी एक मात्र कबूल करते. तुम्ही शिकवलेली रेघ मी आजवर इतकी बारीक कधी मारली नव्हती. त्या कागदावर तुमचं नाव सहज वाचता येतं.