चार गोल कोपऱ्यांचं कार्ड आणि माझी इतर मालमत्ता

मी, शामला नत्थूजी पौनीकर, वय ६७ वर्षे, धंदा जुन्या बेसबॉल कार्डांची खरेदी-विक्री, राहणार धरमपेठ, नागपूर, आज सकाळी पोटभर पोहे खाऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करते. मला मोठा आजार नाही. रक्तदाब थोडा वर असतो, पण तो फक्त मुलगा दुर्गेश गाडी चालवत असताना. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

घर आणि दुकान यांच्यासाठी एक पानही पुरलं असतं. अॅडव्होकेट सुरुची लांजेवार यांनी मला दोनदा विचारलं, "मावशी, एवढं लांब कशाला?" हा कागद मी कलम सहासाठी करते आहे. माझा थोरला भाऊ चंपतराव आणि मी बारा वर्षांत एकमेकांशी बोललेलो नाही. त्याच्यासाठी ठेवलेली वस्तू तो घेतो की नाही, हे मला जिवंतपणी, माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

कलम १. मालमत्ता कशी झाली
माझी सगळी मालमत्ता स्वकष्टार्जित आहे, आणि अमेरिकेतल्या लोकांच्या निष्काळजीपणातून उभी राहिली आहे. १९९६ साली मी आणि माझे यजमान नत्थूजी बुटीबोरीच्या एका कागद कारखान्यात लागलो. ते बॉयलरवर होते, मी रद्दीच्या छाननीवर. परदेशातून रद्दीच्या गाठी यायच्या, त्या फोडायच्या आणि पट्ट्यावरून कागद जाताना पिना, प्लास्टिक, चिंध्या वेचून काढायच्या. एक दिवस गाठ फुटली आणि जाड कागदाची शेकडो छोटी चित्रं पट्ट्यावर पसरली. टोप्या घातलेले, हातात धुणं बडवायच्या मोगरीसारखी काठी घेतलेले गोरेगोमटे पुरुष. मी मुकादमाला विचारलं, "भाऊ, हे कोनते लोकं होत?" तो म्हणाला, "कोन्त्या का असेना. घेऊन जा ना बाई, नाही तं इथं लगदाच होते त्यायचा."

चौदा वर्षांच्या दुर्गेशने त्यातली दहा-बारा कार्डं चिमट्याने सायकलच्या चाकाला लावली. चाक फिरलं की फटफट आवाज व्हायचा, आणि त्याला वाटायचं आपण मोटारसायकलवर आहोत. कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या वॉल्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने गेटवर ती सायकल बघितली आणि धुळीत गुडघ्यावर बसला. आम्हाला वाटलं, उन्हाने चक्कर आली. आम्ही त्याला कांद्याचा वास दिला. शुद्धीवरच असलेल्या त्या बिचाऱ्याने तो वास मुकाट्याने घेतला आणि मग दुभाष्यामार्फत विचारलं की घरी अजून आहेत का. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची अशी जुनी कार्डं शौकीन लोक मोठ्या किमतीला घेतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या माणसाने मला तीन महिने दर रविवारी हा धंदा शिकवला. कोणतं साल, कोणता छाप, पाठीमागचा मजकूर कसा वाचायचा. आणि एक नियम त्याने माझ्याकडून पाठ करून घेतला: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, पुसायचं नाही. कार्डाचे चार कोपरे शाबूत तर कार्ड शाबूत. पुढे मी चार कारखान्यांतल्या छाननीच्या बायकांकडून कार्डं विकत घेऊ लागले. भाव मी त्यांना पाडून कधी दिला नाही, कारण पट्ट्यावरची धूळ मी खाल्लेली आहे.

कलम २. घर
धरमपेठेतल्या मागच्या गल्लीतलं राहतं घर नत्थूजी हयात असेपर्यंत त्यांच्या वापरात राहील. त्यानंतर दुर्गेश आणि मुलगी अस्मिता यांना निम्मं-निम्मं. नत्थूजींना सकाळचे दोन चहा देण्याची जबाबदारी घरासोबतच जाते. ते तिसरा मागतील, तो देऊ नये. तीस वर्षं या कार्डांवर संसार करूनही बेसबॉल म्हणजे अमेरिकेतला गिल्लीदांडू असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. त्यांना कोणी सुधारू नये, गिऱ्हाइकं खुश होतात.

कलम ३. दुकान
दुकान, त्यातला सगळा माल आणि इंटरनेटवरचं खातं मी अस्मिताला देते. दुर्गेशला वाईट वाटायचं कारण नाही. "आई, अमेरिकेची रद्दी अमेरिकेलेच विकून राहिली तू," असं म्हणून तो वीस वर्षं हसला आहे, त्याचं ते हसणं मी त्याच्याकडेच ठेवते. सोबत माझी सोन्याची पाटली त्याच्या बायकोला, मिनलला. ती हसली नाही.

अस्मिताने दुकानाच्या दारावरची, नुसतं 'कार्ड्स' लिहिलेली पाटी बदलू नये. लोक आत येऊन लग्नपत्रिका छापता का विचारतात, विचारू दे. दोन गिऱ्हाइकं अशीच चुकून आली आणि कार्डांच्या नादी लागली.

कलम ४. भिंग
माझे बाबा उमरेडला हातमागावर धोतरजोडी विणायचे. कापडातले धागे मोजायचं त्यांचं पितळी भिंग माझ्याकडे आहे. याच भिंगातून मी खरं-खोटं कार्ड ओळखते. जुन्या छपाईचे ठिपके वेगळे दिसतात आणि हाताला कागदाचा पोत कळतो, कारण लहानपणी बाबा आम्हा भावंडांचे डोळे बांधून सूत ओळखायला लावायचे. चंपतदादा दर वेळी जिंकायचा. भिंग अस्मिताला. ते तिने पदराने पुसावं, टिश्यू पेपरने नाही.

कलम ५. हिशेब चुकते
पियुष नावाच्या व्यापाऱ्याने २००८ साली मला सत्तर वर्षं जुनी म्हणून तीन कार्डं विकली. ती चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली होती. मी भिंगाच्या आधी वासाने ओळखलं. वेलची घातली होती. त्याला माझ्यामागे अर्धा किलो चहा पावडर पोचवावी, वेलचीसह. मी त्याच्यावर रागावलेली नाही. त्या कार्डांचा वास फार छान येतो, मी ती कपाटात साड्यांमध्ये ठेवली आहेत.

कलम ६. चंपतराव
१९९९ साली भूगोलाच्या एका फाटक्या पुस्तकात मला एक कार्ड सापडलं. साल १९५३. एक डावखुरा खेळाडू, डोळे बारीक करून उन्हाकडे बघतोय. कोपरे असे की हाताला टोचावेत. मी ते चौदा वर्षं विकलं नाही. शेवटी अस्मिताच्या लग्नासाठी विकायचं ठरवलं आणि मुंबईचं एक गिऱ्हाईक २०१३ च्या दिवाळीनंतर यायचं होतं.

दादाचे माग तेव्हा बंद पडले होते. उमरेडला बस स्टँडजवळ त्याने झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान टाकलं होतं. गणपतीत मी त्याला हे कार्ड दाखवलं. त्याने दोन बोटांत धरून पोत बघितला आणि म्हणाला, "शामे, एवढी मोलाची चीज अन् अशी उघडी ठेवतं का वं?" मी त्यावर हसले होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी बाजारात असताना तो आला, नत्थूजींकडून कार्ड मागून घेतलं आणि दुपट्ट्यात गुंडाळून उमरेडच्या एसटीत बसला. नत्थूजींनी दिलं, कारण साळा मागतो आहे. भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं आणि त्याने ताटात कार्ड ठेवलं. त्याच्याकडच्या सगळ्यात जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन केलेलं. आणि त्याआधी, टोचू नयेत म्हणून, चारही कोपरे कात्रीने गोल केलेले.

"आता पाण्यात पडू दे का आगीत," तो म्हणाला, "शंभर वर्स काही होत नाही याले."

मी ओरडले. पाटावर बसलेल्या भावाला मी म्हणाले, "तू काहून हात लावला माह्या चीजेले? जा तुह्या दुकानात, लोकायचे रेशनकार्ड चिकटव!" तो म्हणाला, "म्या तं टिकावं म्हून केलं वं." मग कपाळावर कुंकू तसंच ठेवून उठला आणि न जेवता गेला. केलेले अनारसे आम्ही कोणीच खाल्ले नाहीत. मुंबईच्या गिऱ्हाइकाने कार्ड बघून फक्त पाणी मागितलं.

अस्मिताचं लग्न झालं, चांगलं झालं. दादा आला, अक्षता टाकल्या आणि गेला. मी त्याला थांब म्हणाले नाही. तो बोलला नाही म्हणून मी बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून तो. कार्ड मी वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी पेटीच्या तळाशी टाकलं होतं. ते बारा वर्षं उघडलं नाही.

मागच्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी यादी करताना पेटी उपसली. कार्ड बाहेर काढलं आणि पहिल्यांदा उलटं केलं. त्या भाऊबीजेला मी पाठीमागे बघितलंच नव्हतं. प्लास्टिकच्या आत, मजकुराच्या खाली, टाइप केलेली एक चिठ्ठी आहे:

"शामला चंद्रभान हेडाऊ, कोष्टीपुरा, उमरेड. सापडल्यास परत करावे."

लग्नाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती माझ्या. मला धरमपेठेत घर होतं, दुकान होतं. आणि दादाने माझ्या चीजेवर बाबांचं नाव आणि आमच्या घराचा पत्ता घातला होता, म्हणजे ती हरवली तर तिथे येईल. मी पेटीजवळ बसून रडले, आणि मग इतकी हसले की नत्थूजी तिसरा चहा घेऊन आले.

म्हणून: सदर कार्ड, ज्याला बाजारात आज कोणी विचारणार नाही, ते मी माझा भाऊ चंपतराव चंद्रभान हेडाऊ, वय ७१, राहणार उमरेड, याला देते. पत्त्यावर लिहिलंय तसं परत करते. माझी चूक झाली, दादा. त्या दिवशी मी तुझं तोंड उतरवलं, ते कोणत्याही कार्डापेक्षा मोलाचं होतं.

परंतु त्याने कार्ड घेण्यास नकार दिल्यास ते रद्दीत घालावं, म्हणजे जिथून आलं तिथे जाईल. त्यावर कोणाचाही हक्क राहणार नाही.

कलम ७. माझ्यामागे
तेराव्याला श्रीखंड करावं आणि माझ्याबद्दल खोटं चांगलं बोलू नये. खरं पुष्कळ आहे.

---

इथपर्यंतचा मजकूर सुरुचीबाईंनी टाइप करून आणला. पुढचं मी स्वहस्ते लिहिते आहे, कारण सही होण्याआधी जे घडलं ते या कागदावर असायला हवं.

दादाला मी बोलावलं नव्हतं. माझी हिंमत झाली नाही. सुरुचीबाईंनी फोन करून सांगितलं की साक्षीदार म्हणून सही करायला या; खरं कारण सांगितलं असतं तर तो आला नसता. तो सकाळच्या एसटीने आला, धुतलेला सदरा घालून. मला "बरी हायेस?" एवढंही न विचारता खुर्चीत बसला आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं. मी म्हटलं, संपलं. हा सही करेल आणि अकराच्या गाडीने जाईल.

सुरुचीबाईंनी मोठ्याने वाचायला घेतलं. कलम सहा आलं तेव्हा मी खिडकीकडे बघत होते. वाचून झालं. मग त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि वकिलाच्या स्वरात बजावलं, "काका, एक सांगून ठेवते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. पुढे वाद होतात. तुम्ही सही करणार असाल तर कलम सहा सोडावं लागेल."

दादाने पेनाचं टोपण काढलं. कागदावर स्वतःचं नाव कुठे आहे ते शोधलं. माझा रक्तदाब वर गेला असणार, आणि दुर्गेश गाडी चालवत नव्हता.

मग त्याने टोपण परत लावलं.

"मी सही नाही करत," तो म्हणाला.

"काहून गा?" नत्थूजींनी विचारलं. त्यांना अर्धं ऐकूच आलं नव्हतं.

"मले कार्ड पायजे," दादा म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, बारा वर्षांत पहिल्यांदा, "आत्ताच दे. तू मरायची वाट कोन पायते?"

मी दिलं. मेल्यानंतर द्यायची वस्तू जिवंतपणी दिली, त्यामुळे कलम सहाचं आता काय करायचं ते सुरुचीबाईंना ठरवू दे. त्या म्हणाल्या, राहू द्या. दादाने कार्ड उलटं केलं, डोळ्यांजवळ धरलं आणि कपाळाला हात लावला. "पिनकोड टाकाचा राह्यला," म्हणाला. अकराची गाडी गेली. तो स्वयंपाकघरात मिनलला विचारतो आहे की जेवायला काय आहे.

कुरिअरवाले अश्विन साक्षीला आलेलेच होते, दुसरा साक्षीदार कमी पडला म्हणून शेजारच्या मीराबाईंना हाक मारली. त्या पीठाच्या हाताने आल्या आणि हात धुऊन सही केली.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला, आणि मला आज फार आनंद झाला आहे.

ठिकाण : नागपूर
दिनांक : १० जानेवारी २०२६

मृत्युपत्र करणार : शामला नत्थूजी पौनीकर (सही)

साक्षीदार
१. अश्विन वामनराव ढोबळे, कुरिअर व्यवसाय, धरमपेठ (सही)
२. मीराबाई केशवराव भोयर, गृहिणी, धरमपेठ (सही)

खाडाखोडीबद्दल नोंद : साक्षीदार क्रमांक २ पुढे आधी टाइप केलेलं "चंपतराव चंद्रभान हेडाऊ" हे नाव माझ्यासमोर, त्याने स्वतःच्या पेनाने खोडलं आहे. कारण : लाभार्थी. — शामला