ट्रेलरची दुसरी बॅटरी

२४ नोव्हेंबर २०२४
प्रेमानंद ऐकत नाही, बापासारखाच हट्टी. कारखाना सुरू झालाय, उसाला गाड्या कमी पडतात. म्हणे, दादांचा ट्रक किती दिवस गंजवत ठेवायचा? मी एकच अट घातली — ट्रेलरला वेगळी बॅटरी. नाहीतर किल्ली मिळणार नाही.

हे गेले ते वेगळी बॅटरी नव्हती म्हणूनच. मुरुम गावाच्या रस्त्याला ट्रकची बॅटरी बसली आणि तिच्यासोबत ट्रेलरचे मागचे दिवेही गेले. हे मोबाईलची टॉर्च हलवत उसामागं उभे राहिले. टेम्पोवाल्याला ऊस दिसला नाही. हेही दिसले नाहीत.

२७ नोव्हेंबर
समदभाई नळदुर्गहून आले. यांचे जुने दोस्त, गाड्यांची वायरिंग करतात. मी समोरच बसून राहिले. ट्रकपासून ट्रेलरपर्यंत जाड वायर ओढली, दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये रिले. इंजिन चालू तोवर दोन्ही बॅटऱ्या चार्ज होणार, इंजिन बंद झालं की रिले त्यांना वेगळं करणार. मागचे दिवे फक्त ट्रेलरच्या बॅटरीवर.

"एक मेली तरी दुसरी जित्ती राहते, भाभी."

बोलले आणि खाली मान घालून वायरवर टेप गुंडाळू लागले. चहा तसाच थंड झाला.

बॅटरीसोबतचा कागद मी दोनदा वाचला. शाळा नव्हती, अक्षरं शिकले ती ट्रकच्या फळ्यांवरून, खताच्या पोत्यांवरून. आता कागद दिसला की सोडवत नाही. शेवटी बॅटरीवर निळ्या रंगाचा ठिपका दिला. कुणी बदलायला नको.

२८ नोव्हेंबर
किल्ली दिली. ट्रेलरचे लाल दिवे वळणापर्यंत दिसत होते. नंतरही मी तिथंच उभी.

३ डिसेंबर
गावची डीपी जळाली, वीजच नाही! नवी कधी येईल, कुणी सांगत नाही. दिवस लवकर मावळतो. संध्याकाळी तेवढं पुस्तक होतं सोबतीला, तेही गेलं. प्रेमानंद जेवायला आला तेव्हा मी बोलून गेले.

५ डिसेंबर
विहिरीवरून आले तर खाटेपाशी बल्ब! प्रेमानंदनं बॅटरी आणून ठेवलीय, वर पोतं झाकलंय. मित्राकडं पडून होती म्हणे. "माय, हात लावू नको, ॲसिड असतं. तू फक्त वाच." किती दिवसांनी एवढं हसला. अगदी यांच्यासारखा.

एक अख्खं प्रकरण वाचलं. पण बॅटरीकडं पाठ करून बसवेना. का कोण जाणे.

६ डिसेंबर
विहारात मेणबत्ती लावून आले. सगळं गाव अंधारात.

७ डिसेंबर, दिवस मावळताना
झाडताना पोतं सरकलं. निळा ठिपका!

समदभाईंना फोन केला. लगेच आले, बॅटरी मोटारसायकलला बांधून ट्रेलर गाठायला निघाले. घरात अंधार. उंबऱ्यावर बसून लिहितेय.

प्रेमानंदला किती वेळा लावला. शेवटी उचलला. म्हणाला, मागच्या दिव्यांना ट्रकच्या बॅटरीची जुनी वायर जोडून घेतली होती, लागत होते की दिवे. आता मुरुमच्या अलीकडं बॅटरी बसून गाडी बंद पडलीय, स्टार्ट घेईना. मी म्हटलं, आधी रस्त्यावरून बाजूला हो.

"काळजी करू नको, माय. मी मागं टॉर्च हलवत उभा आहे."