वेदिकाची पन्नास वाक्यं

३ फेब्रुवारी
स्पीच थेरपीच्या इंटर्नलची असाइनमेंट मिळाली. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि त्यातली पन्नास वाक्यं लिहून काढायची. तेरा तारखेपर्यंत. चारुलता मॅडम म्हणाल्या, सबमिशन नाही तर परीक्षा नाही. वर्ग हादरला. मी नाही. बाकीचे आता लहान पोरं शोधत नागपूरभर फिरतील. मी शहराला लागूनच, वाडीला ताईकडे राहतो आणि अडीच वर्षांची भाची घरातच आहे.
एका सकाळचं काम. रविवारी उरकून टाकीन.

८ फेब्रुवारी, रविवार
वेदिका एक शब्द बोलली नाही.
माझी पद्धत पूर्ण शास्त्रीय होती. हे काय आहे? बॉल आहे ना? कोणत्या रंगाचा? लाल. बॉलचं काय करतात? फेकतात. असे भराभर प्रश्न विचारले, एक क्षण वाया घालवला नाही. ती नुसती बघत राहिली. बाहेर गोडाऊनसमोर ट्रक मागे घेत होते, त्यामुळेही लक्ष विचलित होतं.

रात्री
भाषाविकासाचा चार्ट पाहिला. या वयात दोन-तीन शब्दांची वाक्यं यायला हवीत. वेदिका शून्यावर. म्हणजे भाषा मागे आहे. कदाचित कानही. अजून पहिलंच वर्ष, तरी निदान आपोआप सुचलं.

९ फेब्रुवारी
ताईला सांगितलं. हळुवारपणे, चार्ट दाखवून. ती म्हणाली, माह्यासंग तं पोरगी दिवसभर बोलते, तुह्याचसमोर काहून चूप रायते? आयांना असंच वाटतं हे मी तिला समजावलं. मग ती रडली. अंकुश भाऊजी कामावरून आले, ताट तसंच ठेवून उठले. वाईट वाटलं. पण खरं सांगणारा कोणीतरी घरात हवाच.

१० फेब्रुवारी
थेरपी सुरू केली. मुलाच्या कानावर भरपूर भाषा पडली पाहिजे. सकाळी भाज्या, दुपारी प्राणी, संध्याकाळी वाहनं, सगळं मीच बोललो. घसा बसला. वेदिका आता माझी चाहूल लागली की पलंगाखाली जाते. तिथेही वाकून बोललो.
भाऊजींनी परवाची सुट्टी टाकली. आमच्याच कॉलेजच्या ओपीडीत दाखवणार आहेत. मॅडमना माझं निदान आयतंच बघायला मिळेल.

१२ फेब्रुवारी
मॅडम सतरंजीवर बसल्या, भातुकली मांडली आणि काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, तयारी करून आल्या नसाव्यात. बऱ्याच वेळाने वेदिकाने कप पुढे केला. चाय घे, गरम हाये, फूक मार. मग शक्कर सरली. मग बाबा ट्रक आनते. मॅडम फक्त हं म्हणत होत्या.
तपासणी झाल्यावर मॅडम म्हणाल्या, कान उत्तम. भाषा वयापेक्षा पुढे.
ताई पुन्हा रडली, पण हसत. भाऊजी मला एवढंच म्हणाले, तीन रात्री झोपली नाही गा तुही बहीण. त्यावर मला बरंच सांगता आलं असतं, पण ते निघून गेले.
मॅडमनी माझं रविवारचं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाल्या, प्रश्न विचारल्यावर थांबायचं असतं हे पहिल्याच युनिटमध्ये शिकवलं होतं. उत्तरंही तुम्हीच देताय. मी खुलासा करत होतो, तेवढ्यात त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. उद्यापर्यंत नवीन आणायचंय.
सोपं आहे. गप्प बसायचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळीच भातुकली मांडली, फोनचं रेकॉर्डिंग लावलं आणि तोंड मिटून बसलो. फार जड गेलं. वेदिका दारातून पाहत होती. मग हळूहळू जवळ आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, मम्मी, मामाले ताप आला का?
संपूर्ण वाक्य. प्रश्नार्थक. इतका आनंद झाला की मी तिला ते वाक्य का चांगलं आहे ते सांगायला लागलो. प्रश्न कसा तयार झाला, या वयात तो किती महत्त्वाचा, सगळं. मान वर केली तेव्हा ती खोलीत नव्हती.
पुन्हा आली नाही. कॉलेजची वेळ झाली.
पन्नास हवी होती, एक मिळालं. परीक्षेला बसता येणार नाही.
ताईने आतून विचारलं, झालं का गा तुहं काम?
हो म्हणालो. तेवढंच म्हणालो.