मधुकररावांच्या दोन चष्म्यांची व्यवस्था

मी, सौ. हेमा मधुकर रिसबूड, वय बहात्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही. मला वाटते, कारण माझे यजमान श्री. मधुकर यांना गेली काही वर्षे विस्मरणाचा आजार आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझा मुलगा चि. सलिल यास मिळावा. मात्र श्री. मधुकर हयात असेपर्यंत त्यांना इथेच राहू द्यावे. तोवर फ्लॅट विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि "आमची जागा मोठी आहे" म्हणून सलिलने त्यांना घोडबंदरला आपल्या घरी हलवू नये. इथे बाथरूमचे दार त्यांना अजून सापडते.

२. बँकेतील ठेवी त्यांच्या देखभालीसाठी आहेत. तो व्यवहार टिटवाळ्याची माझी धाकटी बहीण सौ. मैथिली गोरे हिने पाहावा. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. माझ्या पाटल्या तिला द्याव्यात. तिला पाहून ते निदान हसतात.

३. चष्मे. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, हे वेगळ्या कागदावर लिहा, मृत्युपत्रात लागत नाही." मला लागते, म्हणून इथेच लिहिते.

श्री. मधुकर पाटबंधारे खात्यात आरेखक होते. नकाशात केसाएवढी रेघ चुकली तरी अख्खा कागद पुन्हा काढत. आजार सुरू झाल्यावर ते जवळचा आणि लांबचा, दोन्ही चष्मे सारखे हरवू लागले. सलिल म्हणाला, "आई, बाबांना प्रोग्रेसिव्ह करू. एकाच काचेत सगळं. शोधाशोध नको." मलाही पटले.

स्टेशनजवळच्या दुकानात सिद्धेश नावाचा तरुण डोळे तपासतो. त्याने नीट समजावले. काचेच्या वरच्या भागातून लांबचे, मधून हाताच्या अंतरावरचे, खालून वाचायचे. कडेला धूसर दिसते, म्हणून नुसते डोळे न फिरवता मान फिरवायची. जिना उतरताना हनुवटी खाली घ्यायची. "थोड्या दिवसांत सवय होते, काका." हे म्हणाले, "हो, हो."

मग तो काचा बदलून विचारू लागला, "काका, हे स्पष्ट की हे?"

"दोन्ही छान आहेत."

"पण जास्त स्पष्ट कुठलं?"

हे माझ्याकडे वळले. "हेमा, तुला कुठलं आवडलं?"

सिद्धेशने माझ्याकडे पाहिले, मी सिद्धेशकडे. काचेवर बुबुळाची खूण करायला "समोर बघा" म्हटले की हे पुन्हा माझ्याकडेच बघत. शेवटी त्याने अंदाजाने खूण केली. काचा मात्र आम्ही स्पष्ट दिसणारा भाग सगळ्यात रुंद असलेल्या, महागातल्या घेतल्या. महाग आहेत म्हणजे सांभाळून घेतील, असे मला वाटले असावे.

त्याच महिन्यात ते जिन्यात पडले. खाली बघताना वाचायचा भाग पायरीवर आला आणि पाऊल हवेत पडले. मनगट मोडले. शेजारचे गुणाजी धावत आले, तोवर हे पायरीवर बसून मला विचारत होते, "अगं, पायरी कोणी हलवली?"

सलिलला फोन केला. तो म्हणाला, "आई, सवय लागेल. तूच त्यांना लावत नाहीस."

म्हणून सूचना: प्रोग्रेसिव्ह पुन्हा करू नये. काळी फ्रेम लांबची, तांबडी जवळची. बसले की तांबडी द्यावी, उठायच्या आधी काळी. उठल्यावर नव्हे. कधी ते हात झटकतात. तेव्हा थांबावे, ओढून चढवू नये. नंबर दर वर्षी सकाळीच तपासावा, दुपारनंतर ते थकतात. डोळ्यात उजेड टाकून सिद्धेशला त्यांच्या उत्तराशिवायही नंबर काढता येतो. पण तो नंबर त्यांना मानवला का, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला मला एक उपाय सापडला होता. अक्षरांच्या तक्त्याऐवजी त्यांनीच काढलेला जुना नकाशा समोर धरायचा. काच बरोबर असली की त्यांचे बोट रेघेवरून चालू लागे. गेल्या वर्षी चालले. यंदा ते कागदावर बोट टेकवून नुसते बसून राहिले. काच चुकली होती की रेघच परकी झाली होती, हे सिद्धेशला सांगता आले नाही. मलाही नाही. त्यांना आता नेमके काय दिसते, मला माहीत नाही.

४. त्यांची कंपासपेटी कोणालाही देऊ नये. ते उघडतात, बंद करतात. तेवढे करू द्यावे.

५. सलिल, सवयीबद्दलचे तुझे ते वाक्य मी विसरलेले नाही. ज्यांना चहा प्यायल्याचे आठवत नाही, त्यांनी मान फिरवायचे कसे लक्षात ठेवायचे? तरी फ्लॅट तुलाच आहे. आठ दिवस रजा काढून त्यांच्याजवळ राहा, एवढेच माझे मागणे आहे. यावर कायदा तुला बांधत नाही, हे वकीलबाईंनी मला सांगितले आहे.

६. मी घरात नसले की ते थोड्या थोड्या वेळाने विचारतात, "हेमा कुठे गेली?" मी गेल्यावरही विचारतील. खरे सांगितले तर दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकतील. खोटे सांगितले तर वाट बघत बसतील. काय सांगावे हे मी ठरवू शकलेले नाही. हे कलम दोनदा लिहून खोडले. जो कोणी त्या वेळी घरात असेल, त्याने निदान त्यांच्या शेजारी बसावे.

सही: हेमा मधुकर रिसबूड

सौ. रिसबूड यांनी हा मजकूर वाचून आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्यांची मनःस्थिती मी तपासली असून ती उत्तम आहे. (डॉ. निशा)

साक्षीदार:
१) डॉ. निशा तांबे, डोंबिवली
२) श्री. गुणाजी भोईर, शेजारी

स्थळ: डोंबिवली
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५